मादलेन अजून घरी आलेली नाही

ओस्टरगेम, सप्टेंबरातला मंगळवार
(पाऊस. म्हणजे नेहमीचंच.)

तीर्थरूप गोदलीव्हताईस धाकट्या ओमेरचा नमस्कार. (मठात तुला सगळ्या 'मदर' म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण जिने मला लहानपणी कालव्यात ढकललं तिला मदर म्हणायला माझी जीभ वळत नाही.) तुझी कंबर कशी आहे? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की प्रार्थनेला गुडघे टेकता येतात पण मग उठता येत नाही. माझं म्हणणं, टेकूच नयेत. बसलेल्या माणसाचंही देवाला ऐकू येत असावं. सिस्टर आमान्दाचा खोकला, तुमची ती गळकी पन्हळ, बागेतली पेअरची झाडं, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. पूर्वी मुलींचं वसतिगृह होतं तो वरचा लांबलचक मजला अजून रिकामाच आहे का? सहज विचारलं. इकडे मारिएट मजेत आहे, जरा जास्तच मजेत आहे, त्याचं पुढे येईलच. माझ्या तब्येतीचं म्हणशील तर डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि यंत्र बिघडलंय असं समजून दुसरं आणलं. दुसऱ्यानेही तेच सांगितलं.

तू लिहितेस, ओमेर, शेजाऱ्याला क्षमा कर. ताई, तुझं बरं आहे. तुमच्याकडे भांडण झालंच तर ते मेणबत्त्या कोणी लावायच्या यावरून होतं आणि रात्रीच्या प्रार्थनेपूर्वी मिटतं. इथे माझं भांडण नगरपालिकेने ताब्यात घेतलंय. माझं स्वतःचं, घरचं, चांगलं धडधाकट भांडण त्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं आणि त्याचा उपक्रम केला. क्षमा करायची तर आधी ते भांडण मला परत मिळायला नको का?

मादलेन कोण हे तुला सांगायला नको. कबुतराला आईचं नाव दिलं म्हणून तू अख्खा हिवाळा माझ्याशी अबोला धरला होतास. (पवित्र आत्मा कबुतराच्या रूपाने उतरला तेव्हा मात्र तुझी काही हरकत नव्हती.) पण मी नाव उगाच दिलं नव्हतं. बाबा गिरणीतून आले की हातसुद्धा न धुता आधी ढाबळीत शिरायचे, त्या निळ्या पारव्यांच्या वाणातली ही शेवटची मादी. बाकीची म्हातारी झाली, काही ससाण्याने नेली, एक जोडी मी मूर्खासारखी विकली. मादलेन गेली की बाबांच्या हातचं या जगात काही उरलं नाही, एक तुझी कंबर आणि एक माझा राग सोडून.

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बूर्जची कबुतरांची शर्यत होती. सकाळी फ्रान्समध्ये पिंजरे उघडले, वारा पाठीशी, आणि दुपारी मी अंगणात खुर्ची टाकून बसलो. शर्यतीच्या शनिवारी, उतरणारं कबुतर बिचकू नये म्हणून, आपल्या गल्लीत कोणी गवत कापत नाही, कोणी पांढरी चादर वाळत घालत नाही, हे तुला आठवत असेल. (आता घालतात. विचारलं तर 'कसली शर्यत?' म्हणतात, आणि हे म्हणणारे आपलेच, तीन पिढ्या इथले.) आणि मादलेन आली, ताई. चर्चच्या मनोऱ्याच्या डाव्या अंगाने, पंख आवळून, सगळ्यांच्या आधी. मी वाटाण्याचा डबा खुळखुळवला. तेवढ्यात समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून चाळीसेक कबुतरांचा थवा उठला, त्यांनी आभाळात एक वळसा घेतला, आणि माझी बाई, बूर्जहून एवढं अंतर तोडून आलेली, कुंपण ओलांडायचं सोडून त्यांच्यात मिसळली. गच्चीवर एक गडी उभा होता. एका हातात काळं फडकं बांधलेली काठी, दुसऱ्या हातात एक मादी पायाला धरलेली आणि ती पंख फडफडवतेय. त्याने शीळ घातली. अशी शीळ मी उभ्या जन्मात ऐकली नव्हती. मादलेन त्याच्या गच्चीवर उतरली आणि मी हातात वाटाणे घेऊन अंगणात उभा.

हा अबू सामेर. हलबचा, म्हणजे सीरियातला. तीन वर्षांपूर्वी समोर राहायला आला. तीन वर्षांत आमचं बोलणं किती झालं म्हणशील तर शून्य. त्यात वैर काही नव्हतं. नवीन शेजाऱ्याकडे बघून मान हलवायला आपल्याकडे पाच वर्षं लागतात आणि 'आज गारठा आहे' म्हणायला सात, तेव्हा मी वेळापत्रकाच्या मागे मुळीच नव्हतो. पण त्या दिवशी मी चपला न बदलता तीन जिने चढलो.

मी तयारीत होतो की तो नाकारील. चोर नाकारतो, मग आपण ओरडतो, मग पोलीस, अशी रीत आहे. या गृहस्थाने मला खुर्ची दिली, वेलदोड्याची कॉफी दिली, आणि शाळेतल्या पुस्तकात असते तशा स्वच्छ भाषेत कबूल केलं की होय, आपली मादी माझ्याकडे आहे, फार उत्तम मादी आहे, छाती तर पाहा. मी म्हटलं, तिच्या पायात कडं आहे, कड्यावर नंबर आहे, नंबर माझा आहे, आण इकडे. तेव्हा तो म्हणाला, "आमच्याकडे रीत निराळी आहे. माझ्या गच्चीवर जे उतरले ते माझे. तुमच्या गच्चीवर माझे उतरले तर ते तुमचे. मात्र दोघांत सख्य असेल तर परत द्यावेच लागते, नाही दिले तर मनुष्य तोंड दाखवू शकत नाही. तेव्हा आपण सांगावे. आपले माझ्याशी सख्य आहे की वैर?"

आता सांग, ताई, असं कोणी कोणाला तोंडावर विचारतं का? लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, मारिएटनेसुद्धा मला हे कधी विचारलं नाही. सख्य आहे म्हणावं तर मी या माणसाला ओळखत नाही. वैर आहे म्हणावं तर त्याची कॉफी माझ्या हातात. मी म्हटलं, मी तुझा शेजारी आहे. तो विचारात पडला आणि म्हणाला की शेजारी हे उत्तर होत नाही. मी कॉफी संपवली (चांगली होती, हे मारिएटला कळता कामा नये), जिने उतरलो, आणि संतापाच्या भरात नगरपालिकेला फोन केला. मला वाटलं प्राण्यांच्या चोरीचा काही विभाग असेल. त्यांनी विचारलं, शेजारी कुठचा आहे? मी म्हटलं, सीरियाचा. झालं. पलीकडे एकदम आवाज मऊ झाला आणि माझा फोन परदेशातून आलेल्यांशी गुण्यागोविंदाने नांदायला शिकवणाऱ्या सहजीवन विभागाला जोडला गेला.

या विभागात फेमके नावाची एक मुलगी आहे. मुलगी वाईट नाही, तेच तर दुखणं आहे. वाईट असती तर मी एका दिवसात निकाल लावला असता. ती डोकं एका बाजूला कलतं करून ऐकते आणि तुम्ही काहीही बोललात तरी 'हे तुम्ही बोललात ते फार छान झालं' म्हणते. मी 'तो चोर आहे' म्हटलं, तेही फार छान झालं. आमची पहिली बैठक तिने प्राथमिक शाळेत ठेवली, कारण जागा तटस्थ हवी. बालवर्गाच्या खुर्च्या. माझे गुडघे कानाशी. शिवाय एक तुर्की दुभाषा हजर. का, तर विभागाने कागदावर 'ओमेर' वाचलं आणि मलाच परदेशातून आलेला ठरवून टाकलं. आपल्या आजोबांचं नाव, चर्चमध्ये पाणी शिंपडून ठेवलेलं! आणि गंमत म्हणजे दुभाषा कामाला आला. त्याचे आजोबा बाबांच्याच गिरणीत होते, जन्म त्याचा आपल्याच गल्लीतला. फेमके आली आहे देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या लिंबुर्खकडून, तिला माझी बोली कळेना, अबू सामेरची पुस्तकी भाषा मात्र सगळी कळत होती. तेव्हा तो पोरगा बसून माझं बोलणं तिला समजावून सांगत होता. माझ्याच गावात, माझ्याच भाषेतून, माझ्याच भाषेत. शेवटी फेमकेने अबू सामेरचं कौतुक केलं की किती लवकर शिकलात, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हीही प्रयत्न करताय, दिसतंय मला."

मग तिने पिशवीतून लोकरीचा गुंडा काढला. ज्याच्या हातात गुंडा त्यानेच बोलायचं, मग धागा धरून ठेवून दुसऱ्याकडे टाकायचा, म्हणजे शेवटी आपल्यात नातं विणलेलं दिसतं. दोन माणसांत काय विणणार? एक दोरी. त्यानंतर आम्हाला कागद आणि रंग दिले आणि 'माझ्या मनातलं घर' काढायला लावलं. मी ढाबळ काढली. दुसरं काय काढणार? डोकावून बघतो तर अबू सामेरनेही ढाबळच काढलेली, पण वाऱ्याची भोकं खाली. मी म्हटलं, शहाण्या, भोकं खाली ठेवलीस तर हिवाळ्यात घसे धरतील. तो म्हणाला, हलबमध्ये उष्णता असते म्हणून खाली, इथे दोन पिल्ले त्यामुळेच गेली असावीत काय? मी म्हटलं, त्यामुळेच गेली, आणि पाण्यात लसूण टाकतोस की नाही? तो म्हणाला, लसूण नव्हे, व्हिनेगर. आम्ही दोघं त्या बुटक्या खुर्च्या सरकवून असे जुंपलो की विचारू नकोस. तेवढ्यात फेमकेने टाळी वाजवली. म्हणाली, "थांबा, थांबा. कबुतरांचा विषय चौथ्या बैठकीत आहे. आज भावना."

ताई, तिथे जर तिने गप्प बसून पाच मिनिटं बाहेर जाऊन सिगारेट ओढली असती तर मादलेन त्याच संध्याकाळी घरी आली असती. पण ती सिगारेट ओढत नाही. आणि विभागाचा नियम असा की बोलणी चालू असताना परिस्थिती बदलायची नाही, म्हणजे मादी ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहील. जून गेला, जुलै गेला. चौथ्या बैठकीत कबुतरांचा विषय एकदाचा आला, तेव्हा फेमकेने तोडगा मांडला: पंधरा दिवस मादी माझ्याकडे, पंधरा दिवस त्याच्याकडे, घटस्फोटात मुलांचं करतात तसं. मी अबू सामेरकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघं एकदमच उठून उभे राहिलो आणि तो त्याच्या भाषेत आणि मी माझ्या भाषेत जे बोललो ते दुभाष्याने कोणालाच सांगितलं नाही. फेमकेच्या टिपणात मात्र 'दोघांत प्रथमच एकमत' असं गेलं.

घरचा भेदी म्हणतात तो माझ्याच घरात. पहिल्या बैठकीच्या दिवशी मारिएट 'बघून तरी येते कसली माणसं आहेत' म्हणून समोर गेली ती संध्याकाळी उगवली, हातात पिस्त्याची मिठाई. दुसऱ्या दिवशी स्पेक्युलास बिस्किटांचा डबा तिकडे गेला. आता अबू सामेरची बायको तिला भरलेली वांगी शिकवते आणि ही तिला विणकाम. ना लोकरीचा गुंडा टाकावा लागला, ना दुभाषा. ऑगस्टअखेर एकदा मी म्हटलं, अगं, आपलं त्यांच्याशी भांडण चालू आहे. म्हणाली, "ते तुमचं पुरुषांचं. आणि तुझी मादलेन अंड्यावर बसलीये, म्हणून सांगून ठेवते." त्याच्या एका गिरेबाज नराशी जमवलं होतं तिने. गिरेबाज, ताई! आभाळात कोलांट्या मारणारी जात! बाबांच्या वाणात, जिथे सरळ रेषेत उडण्यापलीकडे कोणाला काही सुचत नसे. मला रात्रभर झोप आली नाही, मारिएट घोरत होती.

आता जे सांगतो त्याने मात्र माझं रक्त अजूनही उकळतंय. ऑगस्टमध्ये सहजीवन विभागाला आपल्या यशाची पुस्तिका काढायची होती. यश म्हणजे आम्ही. छायाचित्रकार आला, आम्हाला गच्चीवर उभं केलं, मागे ढाबळ, मधे मादलेन. 'जरा हसा' म्हणाला. मी हसलो नाही, पण मुखपृष्ठावर हसताना दिसतोय, ते कसं केलं त्यांनाच ठाऊक. पुस्तिका घरोघर गेली, नगरपालिकेच्या प्रत्येक टेबलावर गेली. बांधकाम विभागाच्या टेबलावरही गेली. तिथे एका चतुर माणसाने आम्हा दोघांकडे बघितलंच नाही, मागची ढाबळ बघितली, परवानगी शोधली, आणि ती नव्हती. सप्टेंबरअखेर पाडा, नाहीतर आम्ही पाडू. एका खिडकीतून टाळ्या, दुसऱ्या खिडकीतून हातोडा, आणि इमारत एकच, दारही एकच! मी फेमकेला फोन केला. तिला मनापासून वाईट वाटलं. म्हणाली तो दुसरा विभाग आहे, त्यात तिला बोलता येत नाही, पण वियोगाच्या दुःखातून बाहेर पडण्यासाठी ती आमच्यासाठी एक जादा बैठक ठेवू शकते. मी फोन ठेवला. म्हणजे आपटला. नवीन घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी मी अबू सामेरला घेऊन बांधकाम विभागात गेलो. त्याने चांगला कोट घातला होता, इस्त्रीचा, जणू त्याच्यावरच कोणी उपकार करणार होतं. तो म्हणाला, ज्या शहराने आसरा दिला त्याच्याशी वाद घालू नये. मग मी घातला. काचेपलीकडे एक सद्गृहस्थ सफरचंद खात होते. मी म्हटलं हरकत नोंदवायची आहे. ते म्हणाले, तुम्ही घरमालक? नाही. भाडेकरू? नाही. समोर राहतो. समोरच्याला तक्रार करता येते, बाजू घेता येत नाही. नातेवाईक आहात? मी म्हटलं, माझ्या तोंडाकडे बघा आणि याच्या तोंडाकडे बघा. तेव्हा त्यांनी सफरचंद खाली ठेवलं आणि विचारलं, "मग तुमचा यांच्याशी संबंध काय?"

ताई, मी मान वळवली. बाजूला तो उभा होता, कोटाचं वरचं बटण लावलेलं, आणि तो त्या काचेकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

"मित्र आहे मी त्याचा," मी म्हटलं. म्हटलं म्हणजे काय, ओरडलोच, रांगेतलं एक मूल रडायला लागलं.

"मित्र हा संबंधित पक्ष होत नाही," ते म्हणाले आणि सफरचंद उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. अबू सामेर, तोच कोट, हातात झाकलेली टोपली. म्हणाला, "काल आपण चारचौघांत सांगितले. आता ही ठेवून घेणे मला शोभत नाही." टोपलीत मादलेन. साडेतीन महिने, चार बैठका, एक दुभाषा, एक लोकरीचा गुंडा, आणि माझी मादी माझ्या दारात. मी तिला हातात घेतलं. चोचीला ओलं लागलेलं होतं, गळ्यातली पिशवी पिल्लांना भरवायच्या चिकाने फुगलेली. पिल्लं अंड्यातून बाहेर येऊन चार दिवस झाले नव्हते. मग मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, गाढवा, पिल्लं उघडी टाकून त्यांच्या आईला कोण घेऊन येतं? सख्य गेलं खड्ड्यात, आधी वर चल! आणि मी चपला न बदलता, टोपली पोटाशी धरून, पुन्हा ते तीन जिने चढलो.

तेव्हा मादलेन अजून घरी आलेली नाही. पिल्लांवर बसली आहे. दोन्ही निळी आहेत, ताई, बाबांच्या निळ्या रंगाची, फक्त पायांवर पिसं फुटतायत, हलबचे मोजे घातल्यासारखी. नगरपालिकेवरचा माझा राग मी मरेपर्यंत सांभाळणार आहे. सिस्टर आमान्दाला, आणि पेअरच्या झाडांना, माझा नमस्कार.

तुझा संतापलेला धाकटा भाऊ,
ओमेर

ता. क. वरच्या मजल्याचं विचारलं होतं ते सहज नव्हतं. माझ्या ढाबळीत एवढी मावत नाहीत, आणि महिनाअखेरीला ते हातोडे घेऊन येणार. चाळीसेक कबुतरं, स्वभावाने शांत. मेरीमातेच्या पुतळ्याचं तू म्हणशीलच, तर त्यावर छत्री धरायची जबाबदारी माझी.

ता. क. २. खिडक्या उघडायच्या नाहीत, हे सगळ्या सिस्टरांना बजावून सांग. मोठं झालेलं कबुतर नवं घर मानत नाही. सोडलंत तर सगळी इकडे परत येतील आणि जिथे ढाबळ होती तिथे वर घिरट्या घालत राहतील, दमून पडेपर्यंत. तुमच्याकडे जी पिल्लं जन्मतील ती मात्र तुमच्याच कौलांवर बसतील, त्यांना बाहेर सोडायला हरकत नाही. हे मी फेमकेला सांगितलं तर तिचे डोळे भरून आले, म्हणाली यात केवढा मोठा अर्थ आहे. मी म्हटलं, बाई, यात अर्थबिर्थ काही नाही, खिडक्या लावून घ्या एवढंच आहे.

ता. क. ३. दुभाष्याच्या मामाची गाडी गुरुवारी रिकामी आहे, तेव्हा आम्ही गुरुवारी निघतो. टपालाचं हल्ली काही खरं नाही, हे पत्र तुला बहुधा शुक्रवारी मिळेल. घाबरू नकोस, मोठ्या फाटकाशी कोटातला एक माणूस दिसेल तोच अबू सामेर. त्याने मला आत्ताच विचारलं, तुमच्या भगिनींच्या मठाचे माझ्याशी सख्य आहे की वैर? मी तुला न विचारताच सांगून बसलोय. आता मला खोटं पाडू नकोस.